बाटलेलं मशीन

झालं गेलं गंगेला मिळालं, असं लोक म्हणतात. आमच्या गावाजवळून इंद्रायणी वाहते आणि तिला मी आजवर काहीही मिळू दिलेलं नाही. कोण काय म्हणालं, म्हणताना त्याच्या हातात काय होतं, त्यावर मी काय बोलायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय बोलले, हे सगळं माझ्याकडे शिल्लक असतं. आई म्हणते, “तुजं डोकं म्हंजी माळा हाय. टाकंल त्ये मावतंय.”

एका शब्दाचा सूड उगवायला मी निघाले होते, त्याची ही हकिकत. तो शब्द एका यंत्राला उद्देशून होता, हे मी आधीच सांगून टाकते. म्हणजे मध्येच कोणी शहाणपणाने मला ते समजावायला नको.

मी लोणावळ्यातल्या एका शाळेत संगणक प्रयोगशाळेची सहायक आहे. म्हणजे शिकवतात दुसरे आणि मशीन बंद पडलं की हाक मला. बऱ्याच वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतली मशिनं इतकी म्हातारी झाली की विकतची कुठलीही प्रणाली त्यांच्यावर धड चालेना. तेव्हा मी पहिल्यांदा लिनक्स घातलं. हेडमास्तरांनी परवानगी दिली ती “फुकट आहे ना, मग घाला” असं म्हणून. फुकट तर ते होतंच, पण मला भूल पडली ती निराळ्या गोष्टीची. ते उघडं होतं. कोणीही आत जावं, आधीच्याने काय लिहिलंय ते वाचावं, चुकलं असेल तर नीट करावं आणि पुढच्याला द्यावं. मी एकदा एका मेनूतल्या वेड्यावाकड्या मराठीची दुरुस्ती पाठवली. दोन दिवसांत कुणीतरी ती घेतली, आभार मानले, आणि तुमचं आडनाव काय, असं विचारलं नाही. गाव कुठलं, तेही नाही. आडनाव सांगताना ज्यांची जीभ कधी अडखळली नाही त्यांना याचं अप्रूप कळायचं नाही. मी त्या दिवशी प्रयोगशाळेचं दार लावून घेऊन थोडा वेळ नुसती बसले होते.

तेव्हापासून मी मुक्त सॉफ्टवेअरवाली झाले. मला भेटणाऱ्या प्रत्येकाला त्याबद्दल सांगायची. लग्नाकार्यात लोक मला बघून पंगत बदलत.

याच वेडापायी सरांची ओळख झाली. सर पुण्याचे, निवृत्त प्राध्यापक, मुक्त सॉफ्टवेअरवर गावोगाव व्याख्यानं देणारे. मळवलीला त्यांचा बंगला आहे आणि त्याच्या किल्ल्या गेली कित्येक वर्षं माझ्या आईकडे असतात. झाडलोट, बागेला पाणी, सर येणार असले की पंपाचं बटण आणि चहा, हे आईचं काम. सर माणूस वाईट नव्हते. हे लिहिताना मला कष्ट पडतात, पण नव्हते. आईला मावशी म्हणायचे, आमच्या घरी येऊन जमिनीवर मांडी घालून भाकरी खाऊन गेले होते.

त्यांनी बंगल्यावर एक शिबिर घेतलं. भात पोटरीत आलं होतं, हवा मोकळी झाली होती. पुण्याहून, तळेगावहून पंधरा-वीस माणसं आपापले लॅपटॉप घेऊन आली. मीही माझा घेऊन गेले. दारातच सर एक छोटा प्रोग्रॅम चालवून प्रत्येकाचं मशीन तपासत होते. मशीनमध्ये काही बंद सॉफ्टवेअर असेल तर तो त्याची यादी काढून दाखवतो. माझ्या यादीत एकच ओळ आली. फर्मवेअर.

फर्मवेअर म्हणजे काय, ते इथेच सांगते. लॅपटॉपमध्ये वायफायची एक चिप असते. तिला जागं करायला तिच्या कंपनीने दिलेली एक लहानशी फाईल लागते. ती फाईल आत काय करते हे कंपनीशिवाय कोणाला माहीत नसतं, ती वाचताही येत नाही. बाकी सगळी प्रणाली उघडी, आणि मध्येच ही एक कुलूपबंद पेटी. ती आत घेतली नाही तर वायफाय चालत नाही. मी घेतली होती. मला ती आवडत नव्हती, पण नेट लागत होतं.

सरांनी ती ओळ वाचली आणि हसून मोठ्याने म्हणाले, “अरेरे! अहो ताई, तुमचं मशीन बाटलंय की! ते आत नको, पडवीत ठेवा.”

सगळे हसले. पडवीत एक टेबल खरंच मांडलेलं होतं, अशा मशिनांसाठी. तळेगावच्या दोन कॉलेजच्या पोरांची मशिनंही तिथेच होती आणि ती पोरं खिदळत त्यांचे फोटो काढत होती. आई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी लॅपटॉप उचलून पडवीत नेऊन ठेवला. आणि मी पण हसले. बाकी सगळं एक वेळ सोडून देईन, पण ते माझं हसणं मी कोणालाच माफ केलेलं नाही, मला तर नाहीच.

माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा गावातले काही जण म्हणाले होते, बाटले. आजोबा ते सांगताना मिशीतल्या मिशीत हसायचे. “आदी आमी शिवलो की त्ये बाटायचं, मंग आमीच बाटलो. आता बाटायला कोन ऱ्हायलं?” ते हसू शकत होते कारण त्यांनी ते घर सोडलं होतं. मी मात्र सरांच्या घरात स्वतःच्या पायांनी चालत गेले होते, आडनाव न विचारणारं घर म्हणून.

परतताना शेताच्या बांधावरून आई पुढे आणि मी मागे चालत होतो. आई म्हणाली, “मशीनला म्हनला त्यो. तुला न्हाई.”

“माहितीये.”

“मंग तोंड का आसं केलंस?”

मी तेव्हाच ठरवलं होतं की हा शब्द यांना परत करायचा.

सुडाला घाई चालत नाही, आणि मध्ये एक कामही आलं. आमच्या गावात विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका आहे. भरतीचा अभ्यास करणाऱ्या मुली तिथे बसतात. सरांच्या मुक्त सॉफ्टवेअर मंडळाने त्या अभ्यासिकेला दहा जुने लॅपटॉप दिले. अट एकच होती, त्यांत सगळं शुद्ध असलं पाहिजे, बंद असं काहीही घालायचं नाही. शुद्ध हा त्यांचाच शब्द. मी मान डोलावली. दहा मशिनं मिळत होती आणि चौदा मुली होत्या.

शेजारच्या ग्रामपंचायतीचं वायफाय भिंतीतून अभ्यासिकेत येतं. लॅपटॉप पातळ जातीचे, त्यांना नेटची वायर लावायला भोकच नाही. आणि वायफायची चिप नेमकी ती, बंद फाईल मागणारी. सरांना कळवलं तेव्हा त्यांनी एक यूएसबीची कांडी पाठवली. ही जुन्या बनावटीची कांडी असते, तिचं फर्मवेअर उघडं आहे. ती लावली की बंद फाईल न घालता वायफाय मिळतं. छान गोष्ट आहे, मला त्या कांडीबद्दल आदरच आहे. पण ती एक होती. तशा आणखी नऊ मी पुण्याच्या बाजारात, ऑनलाईन, सगळीकडे शोधल्या. मिळाल्या नाहीत. मुली ती एक कांडी हातोहात फिरवत होत्या, लग्नात एकच फणी असावी तशी.

आठवडाभर मी ते बघितलं आणि मग दहाही मशिनांत ती बंद फाईल घातली. खोलीत एकदम नेट आलं. मुली सराव परीक्षा देऊ लागल्या, जुन्या प्रश्नपत्रिका उतरवू लागल्या. महिनाभर सगळं सुरळीत चाललं.

मग एका रविवारी सर बंगल्यावरून चालत चालत आमच्या गावात आले. मशिनं बघून खूश झाले, मुलींशी बोलले, आणि जाता जाता सवयीने तो तपासणीचा प्रोग्रॅम चालवला.

“ताई,” ते हळू आवाजात म्हणाले, “हे आपलं ठरलं नव्हतं.”

मी म्हणाले, “सर, या फाईलशिवाय नेट नाही. आणि खरं सांगू का, या मशीनच्या हार्डडिस्कमध्ये फर्मवेअर आहे, कीबोर्डमध्ये आहे, बॅटरीत आहे. तेही सगळं बंद आहे. त्याचं काय?”

“ते कारखान्यातच आत बसवलेलं असतं. आपण ते घालत नाही. म्हणून त्याला हार्डवेअर समजायचं.”

“म्हणजे जन्मतः आत असेल तर चालतं. आपण हाताने, सगळ्यांदेखत घातलं तर नाही?”

“तत्त्व आहे ते,” सर म्हणाले. “कुठेतरी रेघ ओढावी लागते. एकदा ही फाईल चालवून घेतली की कंपन्या कधीच उघडं देणार नाहीत. तुम्ही तरी हे समजून घ्याल असं वाटलं होतं.”

त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, तेव्हाही मला ते कळत होतं. आपण हट्ट धरला नाही तर ती पेटी कधीच उघडणार नाही, हे खरंच आहे. पण हट्ट त्यांचा आणि उपास आमच्या मुलींचा, हेही तितकंच खरं होतं. ते म्हणाले, एवढं काढा, नाहीतर दुसरी एक शाळा मशिनांसाठी थांबलीय, तिकडे द्यावी लागतील. धमकी नव्हती. अगदी गोड बोलले.

मी ती फाईल पुसली. सर शेजारी उभे होते आणि मी एकेका मशीनसमोर बसून, दहा वेळा, माझ्या हाताने पुसली. मुली बघत होत्या. मी त्यांना म्हणाले, फोनचं नेट वायर लावून लॅपटॉपला घेता येतं, तसं करा. सोपा उपाय सांगितल्याच्या थाटात म्हणाले.

त्यातली एक मुलगी वनरक्षकाच्या भरतीची तयारी करत होती. रोज पहाटे लोहगडाच्या वाटेने अर्ध्यापर्यंत धावत जायची आणि परत यायची. पोरगी चिवट होती. तिची ही शेवटची संधी होती, पुढच्या वेळी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, कारण ती दर चार दिवसांनी स्वतःच ते हसून सांगायची. तिच्या कागदांतला एक दाखला हातात आला तो अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी. घरात फोन एकच आणि तो बापाबरोबर कारखान्यात गेलेला. मी लोणावळ्याला शाळेत. ती अभ्यासिकेत आली, दुपारी तिथे दुसरं कोणी नव्हतं, लॅपटॉप उघडला. कांडी लावली, तर ती दिवा लावून नुसती बसून राहिली. मग पोरगी धावत मळवली स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. तिथे तिच्यासारखे पंधरा जण रांगेत. तिचा नंबर आला, फोटो चढला, सही चढेना, आणि अर्ज स्वीकारायची वेळ संपली.

संध्याकाळी ती माझ्या घरी आली. रडली वगैरे नाही. म्हणाली, “मॅडम, कांडी कदी कदी चालत न्हाई. दुसऱ्या पोरींना सांगून ठिवा.”

दुसऱ्या दिवशी मी दहाही मशिनांत ती फाईल परत घातली. प्रत्येक मशीनच्या झाकणावर एक चिठ्ठी चिकटवली: ‘या मशीनमध्ये एक बंद फाईल आहे. तिच्यात काय आहे ते आम्हाला माहीत नाही. ती नसेल तर नेट चालत नाही. उघडी मिळेल त्या दिवशी ही काढू.’ त्या चिठ्ठीवर मी आजही ठाम आहे. लपवून शुद्ध राहण्यापेक्षा सांगून बाटलेलं बरं. चिठ्ठीचा फोटो सरांना पाठवला आणि लिहिलं, मशिनं न्यायची तर येऊन न्या. उत्तर आलं नाही आणि मशिनं न्यायलाही कोणी आलं नाही. म्हणजे एवढंच करायचं होतं, आणि ते मी सर आले त्या रविवारीच करू शकले असते. हे कळल्यावर माझा राग दुप्पट झाला. अर्धा माझ्यावर होता, पण स्वतःवरच्या रागाचं काय करायचं हे माणसाला माहीत नसतं, म्हणून तोही मी सरांच्याच नावावर टाकला.

संधी चालून आली. आमच्याच शाळेच्या सभागृहात रविवारी दुपारी सरांचं व्याख्यान ठरलं. विषय, संगणक आणि स्वातंत्र्य. सर आपलं पूर्ण शुद्ध मशीन घेऊन येणार, ते सगळ्यांसमोर नेटला जोडून दाखवणार, बाहेरगावची मंडळी पडद्यावर हजेरी लावणार. नेटची व्यवस्था अर्थातच माझ्याकडे.

वायफायला दोन वाटा असतात, एक जुनी आणि एक नवी. सरांची ती कांडी फक्त जुन्या वाटेने चालते. रविवारी सकाळी मी प्रयोगशाळेत गेले, सभागृहाच्या राउटरची सेटिंग उघडली आणि जुन्या वाटेसमोरची खूण काढून टाकली. एवढंच. सभागृहाच्या भिंतीतली वायर उंदरांनी आधीच खाल्ली होती, ते पुण्य त्यांचं. मग मी आईला फोन केला. “दुपारी शाळेत ये. गंमत आहे.”

आईने मला फार पूर्वी, एकदाच, एक गोष्ट सांगितली होती. लहान असताना ती तिच्या आईबरोबर भातलावणीला जायची. ज्यांच्या खाचरात काम, त्यांच्या दारात पाणी मागायचं ते अंगणाच्या कडेला उकिडवं बसून. भांडं मिळायचं नाही. दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरायची आणि घरातली बाई वरून, हात लांब ठेवून, ओतायची. ओतणारीने घाई केली की पाणी नाकात जायचं आणि कोपरांवरून ओघळून लुगड्यात. आई म्हणाली होती, तहान लागली तरी मी नको म्हणायची. हे सांगताना तिने माझ्याकडे बघितलं नव्हतं. मला सरांसाठी तीच ओंजळ हवी होती.

सभागृह भरलं. सरांनी लॅपटॉप उघडला, कांडी लावली, आणि कांडी लुकलुकत राहिली. सर म्हणाले, नेट दिसत नाहीये. मी पहिल्या रांगेतून म्हणाले, बघते सर, आणि बघितलं नाही. बाहेरगावचे लोक पडद्यावर वाट बघत होते, म्हणजे ते जिथे असायला हवे होते तिथे काळा चौकोन होता. सरांच्या मानेवर घाम आला. कांडी काढली, पुसली, परत लावली. एक मुलगा उठून म्हणाला, सर, माझा लॅपटॉप घ्या. सर म्हणाले, नको, त्यात बंद फर्मवेअर असेल. मी खुर्चीत मागे टेकून बसले. खरं सांगते, आयुष्यात इतकी मजा मला क्वचित आली आहे. आंब्याची कोय चोखावी तसा तो वेळ मी चोखला.

पुरेसं झाल्यावर उठले. फोन आणि वायर घेऊन मंचावर गेले. “सर, माझ्या फोनचं नेट वायरीने देते.”

त्यांनी क्षणभर विचार केला. “हो, चालेल. फोनमधलं फोनमध्येच राहील. माझ्या मशीनमध्ये काही येत नाही.”

मी माईक हातात घेतला. हे वाक्य मी आरशासमोर तयार केलं होतं. “सर, माझा फोन नखशिखांत बाटलेला आहे. पण काळजी करू नका. तुमच्या मशीनला शिवणार नाही, वरून ओतते. ओंजळ धरा.”

आणि सरांनी ओंजळ धरली. खरोखर, दोन्ही हात जुळवून, मान झुकवून, हसत हसत. “द्या ताई, द्या! प्रसादच हा!”

सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. कुणीतरी फोटो काढला. नेट लागलं आणि व्याख्यान फार सुरेख झालं.

त्यांना ओंजळ म्हणजे देवळातली माहीत होती. दुसरी कुठली असते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मी बाण मारला आणि त्यांनी तो फूल म्हणून कानावर खोचला. मागे वळून बघितलं तर आईची खुर्ची रिकामी होती.

ती फाटकाशी उभी होती. आम्ही स्टेशनपर्यंत चालत गेलो. फलाटावर बसल्यावर म्हणाली, “त्यानं हात धरलं आन् हसला. आमी हसलो न्हवतो कदी.”

“आई, मी त्याला लागावं म्हणून—”

“लागंल कसं? तू बी हसतच म्हनलीस.” आणि मग, “मी तुला सांगितल्यालं तू समद्यांम्होरं हसाय काडलंस. कशापायी? त्याला कळावं म्हनून? सरळ सांगितलं आस्तंस तर कळलं आस्तं.”

पुढचे काही महिने मी ते बोलणं टाळलं. पण सर टाळू देईनात. त्यांना तो प्रसंग इतका आवडला की ते तो प्रत्येक व्याख्यानात सांगू लागले. कुणीतरी मला त्याची चित्रफीत पाठवली. “लोणावळ्याच्या एका ताईंनी मला ओंजळीत नेट दिलं,” सर सांगत होते, “ही आपली वाटून घेण्याची संस्कृती.” लोक टाळ्या वाजवत होते. माझा सूड त्यांच्या व्याख्यानाचा मोगरा झाला होता. मी ती चित्रफीत तीनदा बघितली, आणि आईला म्हणाले, “या वेळी सर कधी येणारेत?”

“ऐतवारी. का?”

“सरळ सांगायचंय. तुझ्या कामाचं काय?”

“माज्या कामाचं माजं मी बगंन.”

रविवारी सर पडवीतच वेताच्या खुर्चीत बसले होते. आई अंगण झाडत होती. सरांनी हसून या म्हटलं. मी बसले नाही.

“सर, ते ओंजळीचं तुम्ही सांगता, ते चुकीचं सांगता,” मी म्हणाले, आणि मग थांबले नाही. खाचर, अंगणाची कडा, नाकात गेलेलं पाणी. ती ओंजळ धरणारी मुलगी कोण होती तेही सांगितलं, आईकडे हात करून. आईने झाडणं थांबवलं नाही. आजोबा सांगितले, बाटलं सांगितलं, पडवीतलं टेबल सांगितलं. आवाज चढला असेल, पण मी एकदाही हसले नाही.

सरांनी कप खाली ठेवला. “माझ्या मनात तसं काही नव्हतं हो,” ते म्हणाले.

“माहीत आहे. मनात नसतानाच तो शब्द तोंडात येतो, याचाच तर राग आहे.”

“मी चुकलो.” ते आईकडे वळले. “मावशी, मी चुकलो.” त्यांचे डोळे भरले होते आणि ते खोटं नव्हतं. आई म्हणाली, “आसूंदे, सायेब.” मी आसूंदे म्हणाले नाही. मला अजून देणं बाकी होतं. मी वनरक्षकाच्या भरतीवाल्या मुलीबद्दल सांगितलं. पुसलेली फाईल, दिवा लावून बसलेली कांडी, न चढलेली सही.

हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा बदलला. “पण ताई, त्या दिवशी तुम्ही माझ्याशी भांडला का नाहीत? मी म्हणालो म्हणून लगेच काढून टाकलीत?”

हे मला कोणीतरी विचारणार, याची मी त्या दिवसापासून वाट बघत होते. “मशिनं जातील म्हणून,” मी म्हणाले. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की मला त्यांच्या घरात आत बसायचं होतं.

“आता ती मुलगी काय करते?”

“हायवेवर चिक्कीच्या दुकानात उभी असते. पहाटे अजून धावते.”

“तिच्यासाठी मला काहीतरी करू दे,” सर म्हणाले. त्यांनी हात जोडले होते. “तुम्ही सांगाल ते. क्लास, पुस्तकं, नवं मशीन, हवं ते घाला त्यात. काय देऊ तिला?”

“वय,” मी म्हणाले. “एक वर्ष हवंय. तेवढं द्या.”

ते खाली बघत राहिले. त्यांनी मान वर करावी म्हणून मी समोर उभी राहिले. आईने अंगण पूर्ण झाडलं, कचरा गोळा केला, केरसुणी भिंतीला टेकवून ठेवली. तरी त्यांनी मान वर केली नाही, आणि मीही हलले नाही.